माळ्यावरच्या संगणकाचे अर्थशास्त्र

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची वाढीव मुदत तिने देऊ केली हे खरे; परंतु पुढची प्रणाली स्वीकारण्यास अपात्र ठरविल्या गेलेल्या असंख्य यंत्रांचे भवितव्य त्या दिवशी निश्चित झाले. ही यंत्रे बिघडलेली नाहीत. त्यांचा पडदा उजळतो, कळा उमटतात, पंखा फिरतो. सुरक्षिततेसाठी आवश्यक म्हणून सांगितलेली एक विशिष्ट चिप त्यांत नाही, किंवा त्यांचा प्रोसेसर २०१७-१८ च्या आधीच्या पिढीचा आहे, एवढाच काय तो त्यांचा अपराध. अशी यंत्रे जातात कोठे? दुकानदार सांगतात की नव्याच्या मोबदल्यात आम्ही ती घेतो. पर्यावरणाचे अभ्यासक सांगतात की ती भंगारात जातात. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांपुरते बोलावयाचे तर ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ती माळ्यावर जातात.

माळा नसेल तर पलंगाखालच्या कप्प्यात, बाल्कनीतल्या लोखंडी कपाटात, नाहीतर गावाकडच्या घरी. थर्मोकोलसकट जपून ठेवलेला खोका, त्यात पिवळा पडलेला कळफलक, बॅटरी मेलेला यूपीएस, गोळीचा माउस आणि वायरींचा एक गुंता, हे दृश्य ठाण्यापासून नागपूरपर्यंतच्या कोणत्याही वसाहतीत सापडेल. याची चेष्टा करणे सोपे आहे. रिकाम्या बरण्या आणि दिवाळी अंक न टाकणाऱ्या पिढीचीच ही सवय, असे म्हणून तरुण मंडळी हसतात. प्रस्तुत लेखकाला मात्र ही सवय पुष्कळ अंशी शहाणपणाची वाटते. जुन्या यंत्राची योग्य किंमत, त्यातील मजकुराची सुरक्षितता आणि त्याची निर्धोक विल्हेवाट या तीन गोष्टी बाजाराने आणि शासनाने पाहावयाच्या होत्या. त्यांनी त्या पाहिल्या नाहीत, म्हणून कुटुंब त्या आपल्या परीने पाहते आहे. अडचण एवढीच की माळा हे काम फार काळ करू शकत नाही, आणि त्याची मुदत संपत आली आहे.

ही यंत्रे घरात आली कशी, हे आठवले म्हणजे ती बाहेर का जात नाहीत याचा थोडा उलगडा होतो. १९८० च्या दशकात संगणक हा कारकुनांच्या नोकऱ्यांवर उठलेला राक्षस होता. बँकांतील यंत्रीकरणावरून कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापने यांच्यात १९८३ साली करार झाला, तेव्हा त्यातल्या एकेका यंत्रावर किती घासाघीस झाली होती हे जुन्या बँक कर्मचाऱ्यांना विचारावे. पुढच्या पंधरा वर्षांत त्याच कर्मचाऱ्यांच्या घरी तो राक्षस कुंकू लावून घेऊन दिवाणखान्यात बसला. ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सुरू केली, पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आली, २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी ते प्रमाणपत्र आवश्यक झाले. मुलाचे शिक्षण आणि स्वतःची नोकरी अशा दोन्ही निमित्तांनी चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून संगणक घेण्यात आला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेला असला तरी लिपिकाच्या आठ-दहा महिन्यांच्या पगाराची ती वस्तू होती. फ्रिजच्या खालोखाल तिला खास शिवलेले आच्छादन मिळाले ते उगाच नव्हे.

आता हिशेबनीसाच्या वहीत या वस्तूचे काय होते ते पाहू. आयकराच्या नियमांनुसार संगणकावरील घसाऱ्याचा दर पूर्वी ६० टक्के होता. २०१७ साली तो ४० टक्क्यांवर आणण्यात आला. ऱ्हासित मूल्य पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा आकारीत गेल्यास, ५० हजारांचा संगणक ६० टक्के दराने पहिल्या वर्षाअखेर २० हजारांचा, दुसऱ्या वर्षी ८ हजारांचा, तिसऱ्या वर्षी ३,२०० रुपयांचा, चौथ्या वर्षी १,२८० आणि पाचव्या वर्षी ५१२ रुपयांचा होतो. दहा वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत सव्वापाच रुपयांच्या आसपास भरते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या पद्धतीची एक गंमत ठाऊक असते. यात किंमत कितीही घसरली तरी ती शून्य कधीच होत नाही. घरातल्या माणसाच्या मनातील हिशेबही नेमका याच पद्धतीचा असतो. वस्तू जुनी झाली हे त्याला मान्य असते, निरुपयोगी झाली हे मान्य नसते.

अर्थशास्त्रात यावर बरेच लिहिले गेले आहे. एकदा खर्च झालेला पैसा परत येत नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना तो मोजू नये, असे आम्ही वर्गात शिकवितो आणि विद्यार्थी ते परीक्षेत बरोबर लिहितात. व्यवहारात कोणी तसे वागत नाही. रिचर्ड थेलर यांनी १९८० साली दाखवून दिले की माणूस स्वतःजवळच्या वस्तूला, ती केवळ आपली आहे म्हणून, अधिक किंमत लावतो. पुढे १९९० मध्ये त्यांनी डॅनियल काहनेमान आणि जॅक नेच यांच्यासह कॉफीच्या साध्या कपांवर प्रयोग केले. ज्यांच्या हाती कप दिले होते त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. तासाभरापूर्वी हाती आलेल्या कपाची ही कथा, तर ज्या यंत्रावर मुलीने बारावीचा निकाल पाहिला त्या यंत्राची काय असेल?

तथापि सगळा दोष मनाच्या खेळावर ढकलणे बरोबर होणार नाही. बाजारही येथे खरोखरच फसतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले की वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच जुन्या वस्तूंना वाईट वस्तूचा भाव देतो आणि चांगली वस्तू जवळ असलेला माणूस बाजारातून काढता पाय घेतो. जुन्या संगणकाचे तसेच आहे. आपण तो धूळ पुसून वापरला, दोनदा रॅम वाढविली, विजेच्या चढउतारापासून जपला, याची खात्री परक्याला कशी पटावी? तो आपला सरसकट भाव सांगतो. भंगारवाला तर किलोवर येतो. चालू यंत्र आणि बंद यंत्र यांत त्याच्या काट्याला फरक कळत नाही. अशा वेळी 'राहू दे, लागेल कधीतरी' म्हणणारा गृहस्थ ॲकरलॉफच्या सिद्धांताप्रमाणे वागत असतो, त्याचे नाव त्याने ऐकलेले नसले तरी. 'एक्स्चेंज'च्या जाहिरातींनाही म्हणूनच फारसे अर्थ नसतो. तेथे जुन्या यंत्राची म्हणून जी रक्कम लावतात ती बहुधा नव्या यंत्रावरील सवलतच असते, आणि जुने न देताही घासाघीस केली तर त्यातील बरीचशी पदरात पडते.

एका भाबड्या आशेचा मात्र येथेच निकाल लावावा. जुने यंत्र पुढे दुर्मीळ म्हणून मोलाने विकले जाईल, असे काहींना वाटते. २०१४ साली ॲपल कंपनीचा पहिला संगणक, 'ॲपल-१', न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरांना गेला ही बातमी त्यांच्या स्मरणात असते. ती यंत्रे एकंदर दोनशेच्या आसपास बनली होती. आपल्या माळ्यावरील 'पेन्टियम' लाखोंच्या संख्येने बनले. दुर्मीळता नाही तेथे वयाला भाव नाही.

उलट साठवणीचा खर्च कोणी मोजत नाही. मुंबई-पुण्यातील चौरस फुटाचा आजचा दर लक्षात घेता, चार चौरस फूट अडवून बसलेला तो खोका म्हणजे पागडी न देता राहिलेला भाडेकरूच. पण भाडे रोख द्यावे लागत नाही, त्यामुळे ते खर्चात धरले जात नाही.

किमतीखालोखाल दुसरे कारण आहे ते भीतीचे, आणि ती भीती रास्त आहे. घरच्या संगणकात काय नसते? पॅन आणि आधार कार्डांच्या प्रती, बँकेची पत्रे, भविष्यनिर्वाह निधीचे तपशील, वैद्यकीय अहवाल, लग्नाची छायाचित्रे. 'डिलीट' केले की हे नष्ट होते असा समज आहे. वस्तुतः पुष्कळदा फक्त अनुक्रमणिकेतील नोंद पुसली जाते. पाने जागच्या जागी असतात आणि साध्या प्रणालीने ती पुन्हा वाचता येतात. घाईने केलेल्या फॉरमॅटचेही बहुतांशी असेच. तेव्हा ज्या गृहस्थाला आपल्या चकतीवरचा मजकूर कायमचा कसा पुसावा हे माहीत नाही आणि जो पुसून देईल असा विश्वासू माणूस जवळपास नाही, त्याने ती चकती घराबाहेर जाऊ दिली नाही यात नवल कसले? यावर तोडगा अवघड नाही. हार्ड डिस्क हा वहीएवढा भाग चार स्क्रू काढले की सुटतो. तो काढून ठेवावा आणि बाकीचे धूड जाऊ द्यावे. आश्चर्य वाटते ते याचे की संगणक विकताना एवढे सांगण्याचे सौजन्य कोणी दाखवीत नाही.

तिसरे कारण केवळ घराचे नाही. त्यात मराठी भाषेचा प्रश्न गुंतलेला आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही, म्हणून तेथे थोडे थांबतो.

१९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले 'जिस्ट' तंत्र तिने पुढे नेले. एक कार्ड संगणकात बसविले की पडद्यावर देवनागरी उमटत असे. त्या मागोमाग श्रीलिपी, आकृती, आयएसएम असे अनेक संच आले आणि मराठी छपाईचा सारा व्यवहार त्यांवर गेला. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतावली १९९१ साली ठरली होती, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली होती. परंतु विंडोजवर युनिकोड देवनागरी नीट उमटू लागली ती 'विंडोज २०००' पासून, आणि सामान्य माणसाच्या हाती ती यावयास आणखी काही वर्षे लागली. मधल्या काळात प्रत्येक कंपनीने 'क' कोठे ठेवावयाचा आणि रफार कोठे, हे आपापल्या सोयीने ठरविले. एका संचात टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की त्याच्या जागी रोमन अक्षरे, चौकटी आणि टिंबे यांची रांगोळी दिसते. संच सापडला तरी भागत नाही. त्यातील काही प्रणाली चोरी होऊ नये म्हणून एका लहानशा 'लॉक'विना चालत नसत. ते लॉक प्रिंटरच्या रुंद छिद्रात लावावयाचे असे, आणि आजच्या यंत्रांना ते छिद्रच नसते.

याचा परिणाम काय झाला? १९९० ते २००५ या दीड दशकात घरोघरी आणि संस्थांतून मराठीत जे लिहिले गेले, त्यातील मोठा भाग आज फक्त त्या काळच्या यंत्रावरच वाचता येतो. प्रबंध, शिक्षकांची टिपणे, गावाचे इतिहास, संस्थांची इतिवृत्ते, कुलवृत्तांत, शतक महोत्सवाच्या स्मरणिका हे सारे त्यात आले. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोकणातील खोतीच्या हिशेबांवर केलेल्या कामाची सारी कोष्टके अशाच एका यंत्रात आहेत. छापील प्रबंधात त्यांतील निवडक तेवढी आली. निवृत्तीनंतर सदनिका बदलताना त्यांनी सोफा टाकला, यंत्र टाकले नाही. घरच्यांना हा हेका वाटला. मला तो वाटत नाही. त्यांच्यापुरते ते यंत्र म्हणजे त्या दप्तराची एकमेव किल्ली आहे.

दप्तर हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला तो वाईला मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे. त्यानंतर त्यांनी जी पायपीट केली ती बव्हंशी लोकांच्या माळ्यांसाठी आणि अडगळीच्या खोल्यांसाठीच होती. ज्यांच्या घरी रुमाल होते त्यांतील कित्येकांना त्यांचे मोल ठाऊक नव्हते. टाकवत नव्हते म्हणून ठेवलेले, एवढेच. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्यामागे त्या अडगळीचे ऋण आहे. अडगळ सांभाळणाऱ्या समाजाला इतिहास मिळतो, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवलेले आहे.

पण त्या रुमालात आणि या यंत्रात एक मोठा भेद आहे. कागद वाट पाहतो. वाळवी आणि ओल यांपासून वाचला तर दोनशे वर्षांनीही मोडी जाणणारा त्याला बोलते करू शकतो. संगणक माळ्यावर स्वस्थ पडूनही म्हातारा होत राहतो. मदरबोर्डवरील बिल्ल्याएवढी बॅटरी काही वर्षांत संपते आणि यंत्र सुरू करताच ते स्वतःच्या जन्मतारखेवर जाऊन बसते. कॅपॅसिटर फुगतात. हार्ड डिस्कमधील फिरणारे भाग दीर्घकाळ न फिरल्याने अडकून बसतात. फ्लॉपीवरील चुंबकीय ठसा विरत जातो, घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्य उडते, आणि दोन-तीन पावसाळे कोकणात काढलेल्या फ्लॉपीवर बुरशीची नक्षी उमटते. लॅपटॉपच्या फुगलेल्या लिथियम बॅटरीपासून तर आगीचाच धोका. तेव्हा 'ठेवले आहे' याचा अर्थ 'सांभाळले आहे' असा होत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने ताम्रपट, शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्या जतनाचे संकल्प सोडले जातात, ते योग्यच आहेत. परंतु तेराव्या शतकातील पोथी आज वाचता येते आणि १९९६ मधली फ्लॉपी वाचता येत नाही, या विसंगतीची नोंद त्या संकल्पांत दिसत नाही. शिलालेख आणखी दहा वर्षे थांबू शकतो. फ्लॉपी थांबू शकत नाही.

आता शासन काय करते ते पाहावे. ई-कचऱ्यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम आपल्याकडे २०११ साली झाले व मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ साली ते बदलले. सध्याचे नियम २०२२ चे असून १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यांची मूळ कल्पना अशी की ज्याने वस्तू बनविली वा आयात केली त्याने तिच्या अखेरच्या विल्हेवाटीचा भार सोसावा. तत्त्व म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. उत्पादकाने किती टन कचऱ्याचा हिशेब द्यावयाचा हे त्याच्या पूर्वीच्या विक्रीवरून आणि वस्तूच्या गृहीत धरलेल्या सरासरी आयुष्यावरून ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोष्टकात व्यक्तिगत संगणकाला सहा आणि लॅपटॉपला पाच वर्षे आयुष्य दिलेले आहे. घराच्या कोष्टकात ते पंधरा-वीस वर्षे आहे. कागदावर यंत्र मरून, त्याचे उत्तरकार्य होऊन, प्रमाणपत्रही निघालेले असते. प्रत्यक्षात ते माळ्यावर असते.

प्रमाणपत्र हा या नव्या व्यवस्थेचा कणा आहे. उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखानदाराकडून ते विकत घ्यावयाचे. कारखानदाराने सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम किती काढले त्यावर ते मिळते. दर फार पडू नयेत म्हणून २०२४ साली शासनाने किमान किंमत ठरवून दिली, ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये. तर काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तो वाद चालावयाचा तसा चालो. माझा आक्षेप निराळा आहे. या साऱ्या देवाणघेवाणीत ज्याच्या घरी ते यंत्र आहे त्या माणसाला जागाच नाही. कंपनी, कारखानदार, मंडळ आणि मोठे ग्राहक यांची कर्तव्ये नियमांत लिहिली आहेत; शिक्षक सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना त्या २२ रुपयांतील पैसुद्धा पोहोचत नाही. त्यांना पोहोचतो तो भंगारवाला. म्हणून यंत्र शेवटी माळ्यावरून निघते तेव्हा, बहुधा घरमालकाच्या मृत्यूनंतर किंवा इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी, ते त्याच्याच हातगाडीवर चढते.

तेथून पुढचा रस्ता दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांच्याकडे जातो. सर्किट बोर्डात सोने असते, आणि एका टनाच्या हिशेबाने पाहिले तर खाणीतील मातीहून ते अनेक पट भरते. ते काढण्यासाठी उघड्यावर तेजाबाचे टब मांडतात आणि तांब्यासाठी वायरी जाळतात. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले आहेत, त्यांच्या हातांत मोजे नाहीत, आणि टबातील उरलेले पाणी गटारात जाते. जुन्या मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबमधील काचेत तर किलोच्या हिशेबात मोजावे इतके शिसे असते, आणि नव्या ट्यूब बनणेच थांबल्यामुळे त्या काचेला गिऱ्हाईक उरलेले नाही. २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन असा कचरा निघाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेल्याची नोंद आहे. तेव्हा माळ्यावरचा खोका निदान मुरादाबादला पोहोचला नाही, हे त्याचे पुण्य मानावे लागेल.

परंतु माळ्यावर आणि मुरादाबादेत यांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, ती म्हणजे दुसऱ्याचे टेबल. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एक संगणक आणि त्याचा १७ इंची मॉनिटर बनविण्यासाठी किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत असे. हा खर्च यंत्र घरी येण्यापूर्वीच झालेला असतो. म्हणून ते जितकी अधिक वर्षे चालेल तितका तो वसूल होतो. पाच वर्षांचे यंत्र गरजू विद्यार्थ्याला खरोखर उपयोगी पडते. त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घातली की विंडोजच्या मुदतीशी त्याचा संबंध राहत नाही. केरळातील सरकारी शाळांनी अशा मुक्त प्रणालींवर वर्षानुवर्षे शिकविले आहे आणि तेथील मुले कोठे मागे पडल्याचे ऐकिवात नाही. पंधरा वर्षांचे यंत्र मात्र कोणाच्याच उपयोगाचे नाही. आपण 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवतो तेव्हा आपली निवड राखून ठेवतो असे वाटते. प्रत्यक्षात ती निवड दरवर्षी थोडी थोडी संपत जाते.

यावर उपाय कोणते? दोन सुचतात, तिसरा अर्धा.

जपानने ऑक्टोबर २००३ पासून घरगुती संगणकांसाठी जी पद्धत आखली ती पाहण्याजोगी आहे. तेथे नव्या यंत्राच्या किमतीतच विल्हेवाटीचा खर्च धरतात आणि यंत्रावर तशी खूण चिकटवितात. यंत्र नकोसे झाले की मालक कंपनीला कळवितो, कंपनी टपालाची चिठ्ठी पाठविते, टपालखाते खोका घेऊन जाते. मालकाला वेगळा पैसा पडत नाही. भारतात दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये आहेत. जेथे भंगारवाल्याशिवाय कोणी पोहोचत नाही तेथेही पोस्टमन पोहोचतो. प्रमाणपत्रांच्या पैशातील काही भाग या वाहतुकीकडे वळविला आणि खोक्यासोबत मजकूर पुसल्याची सही-शिक्क्याची पावती परत मिळू लागली, तर माळे आपोआप रिकामे होऊ लागतील. पावतीवर आपल्या लोकांचा फार विश्वास आहे. आणि हे करताना आज या धंद्यावर पोट असलेल्या माणसांना बाजूस सारण्याचे कारण नाही. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघर काम करते. अशा संस्थांच्या हाती गोळा करण्याचे काम सोपविता येते. तोडफोड आणि तेजाब तेवढे त्यांच्या हातून काढून घ्यावे.

दुसरा उपाय ग्रंथालयांचा. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे आहे. बहुतेक ठिकाणी वृत्तपत्रे वाचणारे ज्येष्ठ आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी एवढाच राबता उरला आहे. निदान प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात फ्लॉपी वाचणारे एक यंत्र, जुन्या छिद्राचा एक चालू संगणक, श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचे अधिकृत संच आणि हे हाताळणारा एक शिकलेला तरुण, एवढी सोय करण्यास किती खर्च येईल? युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत. त्या रफार आणि जोडाक्षरांत गोंधळ घालतात, म्हणून माणसाच्या नजरेची गरज लागते. ही नजर निवृत्त शिक्षकांजवळ आहे आणि वेळही आहे. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थेने संबंधित कंपन्यांकडून त्यांच्या जुन्या संकेतावल्या मिळवून त्या खुल्या केल्या, तर निम्मे काम तेथेच होईल. ज्या कंपन्यांनी त्या संचांतून वीस वर्षांपूर्वीच आपला नफा कमावला त्यांचे यात काही जावयाचे नाही.

तिसरा, अर्धा उपाय दुरुस्तीचा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. ठीक आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. गुण समोर दिसले की गिऱ्हाईक विचार करते. आपल्याकडे आजही लॅपटॉप घेताना त्याची बॅटरी बदलता येईल काय, रॅम वाढविता येईल काय, हे विचारणाऱ्याला दुकानातला मुलगा विचित्र नजरेने पाहतो.

शाळा-महाविद्यालयांत काम करणाऱ्या वाचकांना आणखी एक गोष्ट परिचयाची असेल. संस्थांतून अशी यंत्रे डेड स्टॉक रजिस्टरवर असतात आणि निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. प्रस्ताव मंजूर होण्यास जेवढा काळ लागतो तेवढ्यात पाच वर्षांची चालू यंत्रे दहा वर्षांची बंद यंत्रे होतात, आणि मग समिती ती निरुपयोगी असल्याचे एकमताने प्रमाणित करते. शासनाने संगणकांपुरती निर्लेखनाची मुदत ठरवून दिली आणि चालू स्थितीतील यंत्र लिलावाऐवजी तालुक्यातील शाळेला वा विद्यार्थ्याला देण्याची मुभा प्राचार्यांना दिली, तर त्यासाठी नवा पैसा लागणार नाही. एक परिपत्रक पुरेल. उन्हाळी सुट्टीच्या आत ते निघाले, तर येत्या जूनमध्येच कित्येक प्रयोगशाळांच्या मागच्या खोल्या उघडता येतील.